बुटाची सोडून

कार्डाचा एक कोपरा दुमडला होता, एवढंच काय ते त्या कार्डावर झालं होतं. बाकी कोरं. तळहाताएवढं, पांढरं, जाड… असली कार्डं तो सव्वीस वर्षं एकाच दुकानातून आणत होता, कारण पातळ कागद माइकसमोर फडफडतो आणि पाहुण्यांना वाटतं, निवेदकाचा हात थरथरतोय. निवेदकाचा हात थरथरून चालत नाही. नवऱ्यामुलाचा थरथरला तर लोक कौतुकानं हसतात, बापाचा थरथरला तर रुमाल काढतात. निवेदकाचा थरथरला तर म्हणतात, दुसरा कोणी मिळाला नाही वाटतं. आणि आज तो दोन्ही होता – निवेदकही आणि बापही – तेव्हा हाताचं नेमकं काय करायचं, हे काही केल्या ठरत नव्हतं.

हॉलच्या मागची ही खोली कलाकारांची म्हणायची, पण एकावर एक चढवलेल्या खुर्च्या, गुंडाळलेल्या सतरंज्या आणि कडेनं काळा पडलेला आरसा, यांतून उरेल तेवढीच कलाकाराला. साडेदहा वाजले होते. अकराला सुरुवात. रबरबँड लावलेला बावीस कार्डांचा गठ्ठा मांडीवर, आणि तेविसावं हे, हातात. प्रत्येक कार्डावर एक माणूस: नाव, नातं आणि एक चांगला शब्द. ही त्याची पद्धत. जावयाची आत्या: 'हिच्या घरून कोणी उपाशी जात नाही.' जावयाचा थोरला काका, ज्याचं आपल्या सख्ख्या भावाशी सात वर्षं बोलणं नाही: 'मोजकं बोलतात, पण मनापासून.' चांगला शब्द प्रत्येकात असतो. नसला तर शोधायचा. शोधून सापडला नाही तर बनवायचा. त्याला खोटं म्हणत नाहीत, त्याला निवेदन म्हणतात… हे वाक्य त्याचंच. नव्यानं या धंद्यात आलेल्यांना तो ते ऐकवायचा, आणि ते लिहून घ्यायचे, वेडे.

जावयाच्या आत्यासाठी शब्द होता. सनईवाल्यासाठी, फुलवाल्यासाठी, हॉलच्या मॅनेजरसाठीसुद्धा होता. मुलीचं कार्ड कोरं.

तीन दिवसांपूर्वी ती बॅग भरत होती. कपड्यांच्या घड्या मोडून पुन्हा घालत होती, तशाच, आणि वर न बघता म्हणाली, "बाबा, माझ्या वेळी बुटाची नको हं."

"का गं? लोकांना आवडते."

"म्हणूनच. ती तुमची स्टेजवरची झाली. माझं काहीतरी सांगा. खरं. छोटं असलं तरी चालेल."

"छोटं? अगं, तुझ्यावर मी तासभर बोलेन!" तो हसला होता. तीही हसली, पण जरा उशिरानं, आणि त्याला ते कळलं होतं. हशा किती उशिरानं आला, हे त्याला नाही कळणार तर कुणाला? तेव्हा त्यानं तिकडे काणाडोळा केला. छोटं तर छोटं. रात्री कार्ड घेऊन बसलो की पाच मिनिटांचं काम… आणि आज तिसरा दिवस.

बुटाची गोष्ट अशी होती. एक मुलगी, चार वर्षांची. रविवार. बाबा कामाला निघालेत, सगळ्यांना सुट्टी आणि यालाच तेवढं काम. एक बूट सापडतो, दुसरा नाही. पलंगाखाली बघ, कपाटामागे बघ, सगळं घर उलटंपालटं. मुलगी मात्र अळीमिळी गुपचिळी. शेवटी आई पोळ्यांसाठी पिठाचा डबा उघडते, आणि डब्यात बूट! 'बूट नसला तर बाबा जाणार नाहीत ना,' मुलगी म्हणते. आणि त्या दिवशी बाबा एका पायात काळा आणि एका पायात पिठानं पांढरा बूट घालून कामाला गेले. इथे हशा. मग थांबायचं, आवाज खाली आणायचा, आणि वधूकडे बघून म्हणायचं, 'आज ती निघाली आहे… आणि आज बूट लपवायची पाळी बाबांची.' इथे टाळ्या, इथे रुमाल. इथेच डाव्या हातातलं कार्ड कोटाच्या खिशात टाकायचं. ते खिशात गेलं की बटणानं संगीत चढवायचं. बटण म्हणजे त्याचा आवाजवाला, सव्वीस वर्षांचा जोडीदार. खरं नाव कुणाला आठवत नव्हतं, बहुधा त्याचं त्यालाही. खुणेत कधी पळभराची चूक नाही.

गोष्ट खरी होती. ती त्याच्याच घरातली, याच मुलीची, जिनं आता बॅग भरली होती. पण पहिल्यांदा त्यानं ती एका घड्याळजीच्या मुलीच्या लग्नात सांगितली. घड्याळजी सज्जन माणूस. 'तुमच्या मुलीची एखादी आठवण सांगा,' म्हटल्यावर पंधरा मिनिटं टोपी फिरवत बसला आणि म्हणाला, "चांगली आहे हो ती." झालं. एवढ्यावर मी काय बोलणार होतो? चांगली आहे हो ती – बसा, जेवा, निघा? लग्न उभं राहायला हवं. तेव्हा त्यानं आपल्या मुलीचा बूट उचलला आणि घड्याळजीच्या मुलीच्या हातात दिला. आणि नवल बघा, टाळ्या वाजल्या तेव्हा घड्याळजी ढसाढसा रडत होता! न हरवलेल्या बुटासाठी. नंतर येऊन दोन्ही हात धरून म्हणाला, "मी विसरूनच गेलो होतो बघा. तुम्ही आठवण करून दिलीत."

त्यानंतर बूट घरी आलाच नाही. डॉक्टरच्या मुलीनं लपवला, बस कंडक्टरच्या मुलीनं लपवला, जुळ्या बहिणींनी एकेक लपवला. ज्यांना बोलता येत नव्हतं अशा सगळ्या बापांना तो बूट पुरला. गावभर लोक त्याला 'बूटवाले' म्हणायला लागले, आणि पुढेपुढे तर वधूकडचेच येऊन सांगायचे, तेवढी बुटाची घ्या हं. त्याला बरं वाटायचं. का वाटू नये? चांगला निवेदक तो, जो स्वतः दिसत नाही आणि ज्याच्यावाचून काही दिसत नाही. हेही त्याचंच वाक्य.

पण मग तिच्या बाकीच्या गोष्टींचं काय झालं? तो कार्डाकडे बघत राहिला. पहिल्या दिवशी शाळेत तिनं बाईंच्या रडणाऱ्या मुलालाच – ती मास्तरांच्या मुलीला दिली. तापात बडबडताना तिनं पाढे म्हटले होते – ती बँकेतल्या कॅशियरच्या. तुटकी छत्री, मांजराचं बारसं, आईची साडी नेसून पाहुण्यांचा केलेला सभ्य अपमान… एकेक करून सगळं वाटलं गेलं होतं. आणि वाटताना त्यानं प्रत्येकाला थोडी थोडी अशी कल्हई केली होती, की आता आतलं भांडं कसं होतं हेही आठवेना. मांजराचं बारसं खरंच झालं होतं का? की ते दुसऱ्याच कुणी सांगितलेलं, आणि मी तिचं म्हणून… बरं, जे वाटलं नाही असं काही? त्यानं डोळे मिटले. सुट्टीचे दिवस आठवू लागला, तर प्रत्येक सुट्टीत एक हॉल होता, एक स्टेज, परक्या माणसांची रांग. घरात जे घडायचं ते सुट्टीच्या दिवशी घडायचं, आणि सुट्टीच्या दिवशी तो लष्कराच्या भाकऱ्या भाजत असायचा. संध्याकाळी घरी आला की घसा बसलेला. मग खुणेनं. 'पाणी दे. दिवा बंद कर. उद्या बोलू.' शेकडो मुलींची लग्नं त्यानं गोड शब्दांत लावली, आणि आपल्या पोरीचं कार्ड बघा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान… त्याला स्वतःची चीड आली, आणि त्याहून तिची आली. काय गरज होती ऐन वेळी ही अट घालायची? बुटाची घेतली असती तर काय बिघडणार होतं!

दार ढकलून बायको आत आली. नव्या साडीत ती त्याला नेहमी जरा परकी वाटायची. तिनं खुर्चीवरची पिशवी उचलली, त्याच्याकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं.

"अजून कोरंच?"

"होईल. अगं, मला एक सांग. तिचं लहानपणचं काहीतरी. मी कधी सांगितलेलं नाही असं."

"मला विचारताय?"

"मग कुणाला विचारू?"

ती पिशवीत काहीतरी शोधत राहिली. "तुम्ही बुटाचीच सांगून मोकळे व्हा. जित्याची खोड."

"ती नको म्हणालीय."

"म्हणणारच." पिशवीची चेन तिनं ओढली. "तिच्या नशिबी ती गोष्ट अर्धीच आली ना."

"अर्धी कशी? पिठाच्या डब्यात बूट सापडला…"

"सापडला. पीठ सांडलं. मग?"

"मग मी तसाच, एक बूट पांढरा…"

"अहो," ती म्हणाली, अगदी साध्या आवाजात, दूध उतू गेलं म्हणावं तशी, "मग तुम्ही तिच्या थोबाडीत मारलीत. आठवत नाही? पाच बोटं उठली होती गालावर. बूट झटकला, पुसला, काळाकुळकुळीत केला, आणि गेलात. पांढरा बूट घालून कसले जाताय तुम्ही! कोटावर धूळ चालत नाही तुम्हाला." बाहेरून कुणीतरी तिला हाक मारली. "आले, आले! …आणि आता इथे बसून तोंड पाडू नका. चार वर्षांची होती, तिला काय आठवतंय. व्याही आलेत, चला."

दार पुन्हा बंद झालं. हॉलमधून बटणाचा आवाज आला: हॅलो, हॅलो, एक, दोन.

आठवत नाही? असं नव्हतं. विसरला असता तर बरं झालं असतं. त्यानं ते फक्त काढून ठेवलं होतं. पहिल्याच लग्नात, घड्याळजीच्या. ते कसं सांगणार होतो मी तिथे? थोबाडीत मारल्यावर टाळ्या येत नाहीत. म्हणून पुसलेल्या बुटाच्या जागी पांढरा बूट घातला, आणि तो इतका शोभला की दहाव्या लग्नापर्यंत तोच खरा झाला. जे दरवेळी सांगितलं ते राहिलं. जे कधीच सांगितलं नाही ते झिजत झिजत… पण गेलं नव्हतं. आता तळहाताला ते कळत होतं. तो गाल किती छोटा होता! तिनं रडायलासुद्धा जरा उशीर केला होता. आधी नुसतं बघितलं. नंतर रडली. मी जिन्यात असताना.

तिला काय आठवतंय, बायको म्हणाली. त्यानं ते शब्द धरून ठेवले. हो, चार वर्षांची. चार वर्षांच्या पोरांना कुठे काही… आणि तेवढ्यात त्याला बसस्टॉप आठवला. ती अकराची असेल. मावसबहिणीच्या लग्नाहून दोघं परतत होते. त्या लग्नातही बूट झालाच होता, मावसबहिणीच्या नावानं. बसस्टॉपवर मुलगी म्हणाली, "बाबा, त्या ताईनं पण बूट लपवला होता?"

"सगळ्याच मुली लपवतात गं."

"मग त्या सगळ्यांच्या बाबांनी पण –" आणि बस आली. "चढ, चढ लवकर," तो म्हणाला होता. जागा मिळाली, खिडकीची. तिनं वाक्य पुरं केलं नाही, त्यानं विचारलं नाही. त्याला वाटलं होतं, पोरगी विचारतेय, सगळ्यांच्या बाबांनी पण पांढरा बूट घातला का. आज पंधरा वर्षांनी, खुर्च्यांच्या या अडगळीत, ते वाक्य आपलं आपण पुरं झालं.

म्हणजे ती प्रत्येक वेळी ऐकत होती. हसणाऱ्या लोकांत बसून. तिला ठाऊक होतं की यानंतर काय आहे, आणि तिथेच दरवेळी टाळ्या वाजत होत्या.

खरं काहीतरी सांगा. छोटं असलं तरी चालेल.

अकरा वाजले. तो उठला, आरशात कोट सारखा केला, कोरं कार्ड गठ्ठ्याच्या तळाशी ठेवलं आणि बाहेर गेला. आणि खरं सांगायचं तर पहिला अर्धा तास त्याला काही झालंच नाही. काम हातात घेतलं की काम त्याला हातात घ्यायचं. पहिल्या ओळीत दोन भाऊ, सात वर्षांचा अबोला, मधे एक रिकामी खुर्ची. त्यानं दोघांना एकाच वाक्यात स्टेजवर बोलावलं, असं, की न येणारा लहान दिसावा, आणि दोघं आले, शेजारी उभे राहिले, फोटोही निघाला. आत्याबाईंवर हशा मिळवला. फुलवाल्याचं नाव घेतलं तर तो मागे दाराशी उभा राहून लाजला. लग्न लागलं, फुलं पडली, सनई झाली. व्याही येऊन कानात म्हणाले, "वा! तुमच्यासारखा माणूस घरचाच असल्यावर चिंता कसली?" हॉल त्याच्या मुठीत होता. त्याचं सगळं शहाणपण एवढंच: स्टेजवर चार सेकंदांच्या वर शांतता पडू द्यायची नाही. तीन चालतात, त्याला लोक भावना समजतात. चौथ्याला खुर्च्या करकरतात.

मग बावीस कार्डं संपली.

मुलगी स्टेजच्या मध्ये खुर्चीत बसली होती, जावयाशेजारी. त्यानं तिच्याकडे पाहिलं. तिनं मान किंचित हलवली, बोला म्हणून. लहानपणी शाळेच्या दारातून ती तशीच मान हलवायची, जा म्हणून. …हे होतं! हे तर कुणालाच दिलं नव्हतं! पण ते हातात येईतो माइक तोंडाशी आला होता, आणि तोंड आपल्या वाटेनं गेलं.

"एक मुलगी होती," तो म्हणाला. "चार वर्षांची."

हॉल खूश झाला. ओळखीचं हसू ओळीओळीतून मागे गेलं; बूटवाल्यांनी स्वतःच्या मुलीला बूट दिल्याशिवाय कसं राहायचं! मुलीचा चेहरा बदलला नाही. त्याच्या मात्र लक्षात आलं की ती आता त्याच्याकडे बघतेय तशी प्रत्येक लग्नात बघत आलीय – चांगल्या पाहुण्यासारखी.

नाही गं. आज पुरी सांगतोय. थांब.

"ती मुलगी हीच," तो म्हणाला, आणि त्याला स्वतःचाच आवाज परका वाटला, कारण त्यात काही बसवलेलं नव्हतं. "मी निघालो होतो. दुसऱ्याच कुणाच्या तरी लग्नाला. बूट सापडेना…" कपाट, पलंग, डबा. हशा आला, जिथे यायचा तिथे. तो संपेपर्यंत तो थांबला. "बूट पिठानं पांढरा झाला होता. आजवर मी तुम्हाला सांगत आलो की तो तसाच घालून मी गेलो. तसं झालं नव्हतं."

एक. मुलीनं मान वर केली.

दोन. बायको दुसऱ्या ओळीत अर्धवट उठली.

तीन. लोकांना ही भावना वाटत होती. पुढे दोन-तीन रुमाल निघाले. मुलीचे डोळे त्याच्यावर होते, आणि ती पाहुणी राहिली नव्हती. चार वर्षांची होती, पीठ सांडलेल्या जमिनीवर उभी होती, आणि रडायला उशीर करत होती.

"मी तिला…"

चार. कुठेतरी खुर्ची करकरली.

आणि संगीत सुरू झालं. भरगच्च, गोड, वेळेवर. बटणानं चढवलं ते बरोबर, जसं सव्वीस वर्षं चढवलं तसं; त्याच्या हातातला माइक आपोआप खाली गेला आणि पहिल्या ओळीतून थोरले काका, तेच मोजकं बोलणारे, उभे राहून ओरडले, "आज बूट लपवायची पाळी बाबांची!" हॉलनं ते वाक्य उचललं, टाळ्या कडाडल्या, व्याही डोळे पुसत होते. त्याचे ओठ अजून हलत होते. 'मारलं,' ते म्हणत होते, की म्हणत नव्हते; त्याला स्वतःलाच ऐकू आलं नाही.

त्यानं चिडून मागे बटणाकडे पाहिलं. बटणानं अंगठा वर केला, आणि मग बोटानं त्याच्या कोटाकडे दाखवलं, जसं काही, खूण मिळाली, मिळाली. त्यानं खाली पाहिलं. डावा हात खिशात होता. कार्डही. कधी गेला हात? करकरण्याआधी की नंतर? सवयीनं गेला, हात आहे तो, त्याला काय कळतंय… असं तो स्वतःला सांगत होता, आणि सांगतानाच त्याला जाणवलं की छातीवरचं ओझं उतरलंय, श्वास मोकळा झालाय, आणि आत कुणीतरी अगदी हळू म्हणालं, सुटलो.

मुलगी त्याच्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या खिशाकडे बघत होती. लहानपणापासून हॉलच्या मागच्या ओळीत बसून ती वाढली होती. कार्ड खिशात गेलं की काय होतं, हे तिला बटणाइतकंच ठाऊक होतं. मग तिनं मांडीवरची फुलं बाजूला ठेवली आणि टाळ्या वाजवू लागली. सगळ्यांच्या बरोबर, सगळ्यांइतक्या, रीतसर. एवढ्या मोठ्या गजरातही त्याला तेवढ्या दोनच हातांचा आवाज वेगळा ऐकू येत होता, आणि तो पहिल्यांदाच मनातल्या मनात विनवत होता, की आता हे थांबावं, कुणी काही बोलू नये, चार सेकंद, फक्त चार… पण टाळ्या थांबत नव्हत्या, आणि सवयीनं त्याची मान लवली होती.